म्हसळ्याची जुनी घरे आणि आपण





आपल्या भागातील कोणत्याही मुलाला इतिहास विचारा, तो लगेच जंजिऱ्याच्या किल्ल्याकडे बोट दाखवील. त्यात गैर काही नाही. परंतु किल्ला समुद्रात आहे आणि आपण राहतो म्हसळ्यात. आज मी तुमच्याशी आपल्या उंबरठ्यावरच्या इतिहासाविषयी बोलणार आहे.

जंजिरा संस्थान, ज्याला जुने लोक हबसाण म्हणत, फार मोठे नव्हते. ३२४ चौरस मैलांचा मुलूख आणि १९०१ च्या शिरगणतीत ८५,४१४ माणसे. म्हसळा हा त्यातला एक महाल. १९४८ साली संस्थान विलीन होऊन आपण कुलाबा जिल्ह्यात आलो आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या वेळचे मुख्यमंत्री आपल्याच तालुक्यातील आंबेतचे बॅरिस्टर अंतुले होते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

राजपुरीच्या खाडीचा एक फाटा थेट म्हसळ्यापर्यंत येतो. रस्ते नव्हते तेव्हा खाडी हाच रस्ता. भात, लाकूडफाटा पडावातून जाई, आणि आपली माणसे जहाजावर खलाशी म्हणून त्याच वाटेने बाहेर पडत. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून घरे उभी राहिली. जांभ्याचे चिरे, शिंपल्यांचा चुना, सागाचे खांब. पुढे ओटी, मग माजघर, वर माडी. छपरावर आधी कुंभाराच्या हातची नळीची कौले होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर हळूहळू मंगलोरी कौले आली. घराच्या आढ्याकडे पाहिले की त्याचे वय अदमासाने सांगता येते, ते यामुळेच.

मुरुडजवळ खोकरीला सिद्दी सुरूलखानाचा घुमट आहे. सुरूलखानाची कारकीर्द १७३४ पर्यंतची. तो व शेजारचे दोन घुमट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केले आहेत. आपल्या घरांना असे संरक्षण नाही. त्यांचे रक्षण घरमालकाने करायचे, आणि घरमालक आहे कुवेतला किंवा मुंबऱ्याला! सात-बारावर आठ-दहा वारसांची नावे, एकाची सही मिळते तर दुसऱ्याची नाही. तोवर एक कौल सरकते, पावसाचे पाणी वाशात मुरते, वाळवी लागते. चार पावसाळ्यांनंतर घर ‘मोडकळीस आले’ म्हणून विकले जाते, आणि सागाचे खांब विकत घेणारा मात्र त्यांची किंमत बरोबर ओळखतो.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ तुम्ही विसरला नसाल. श्रीवर्धन-म्हसळ्याकडची छपरे एका दुपारी उडाली. लोकांनी घाईने पत्रे घातले. तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. पण पत्र्याखाली घर तापते, आणि जुन्या चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. चुन्याचे काम चुन्यानेच दुरुस्त करावे. ते येणारे गवंडी अजून सापडतात, पण ते उतारवयाचे आहेत. त्यांच्या हाताखाली आपला एखादा मुलगा शिकला तर मला आय.टी.आय.च्या दाखल्याइतकाच आनंद होईल.

सगळी घरे जशीच्या तशी ठेवा, असे मी म्हणणार नाही. ज्या सुनेला न्हाणीघर पाहिजे तिला ते मिळालेच पाहिजे, आणि पाच भावांना एक माजघर पुरत नाही. पण पाडायचेच असेल तर आधी फीत लावून मापे घ्या, फोटो काढा, चौकटीवर साल कोरलेले असेल तर उतरवून घ्या. नववी-दहावीच्या मुलामुलींना हे सहज जमेल.

आणि माडीवरची ती पत्र्याची पेटी! तिच्यातले कागद उर्दूत नाहीत, म्हणून ते रद्दी ठरत नाहीत. संस्थानी काळातले जमिनीचे कित्येक कागद मोडीत आहेत. मोडी शिकायला काही महिने पुरतात. वारसांच्या वाटणीत कोणाचे कुंपण कोठपर्यंत, हे कित्येकदा त्याच कागदात लिहिलेले असते. घर विकण्यापूर्वी ती पेटी खाली आणा.