कॉफी कडू कां होते ?

भिवंडी तालुक्यांतील दिघाशी गांवीं रविवारच्या सकाळीं एका घरीं मुंबईहून पाहुणे आले आहेत, असें क्षणभर समजावें. चहा तर रोजचाच. म्हणून सूनबाईनें फडताळांतला पितळेचा फिल्टर काढला, माटुंग्याहून आणविलेली ताजी पूड त्यांत घातली, वरून उकळतें पाणी ओतलें, आणि यथावकाश कॉफीचे पेले बाहेर गेले. पाहुण्यांनीं सभ्यपणानें दोन घोट घेतले व पेले खालीं ठेवले. सासूबाईंनीं आंत जाऊन स्वतः चव घेतली आणि विचारलें, "सूनबाई, पूड जुनी होती कां ग?"

"नाहीं आई, परवांच तर डबा फोडला."

मग दुधावर संशय गेला; पण दूध त्याच सकाळचें होतें. मग पाण्यावर गेला. शेवटीं सूनबाईच्या हातावर येऊन थांबला, आणि तेथें तो नेहमींच थांबतो. फिल्टराकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. खरा अपराधी तोच होता. तो पाण्यानें विसळला गेला, पालथा पडला आणि पुढच्या पाहुण्यांची वाट पाहत फडताळांत जाऊन बसला.

या अन्यायाचें मूळ असें कीं, फिल्टर ही वस्तु आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतली नव्हे. आपल्याकडे कॉफी होई ती पातेल्यांत. पाणी, साखर व पूड एकत्र उकळावयाची, दूध घालावयाचें, चिमूटभर जायफळ टाकावयाचें आणि फडक्यानें गाळावयाची. त्यांत भांड्याच्या निगेचा प्रश्नच उद्भवत नसे. पातेलें राखेनें घासलें आणि फडकें उन्हांत वाळत टाकलें कीं काम संपलें. फिल्टर दक्षिणेकडून आला. माटुंग्यास किंग्ज सर्कलच्या भोंवतीं दाक्षिणात्य कुटुंबें राहावयास आलीं, त्यांच्या शेजारानें तो मराठी घरांत शिरला. १९३६ सालीं मुंबईंत चर्चगेटास इंडिया कॉफी हाउस उघडलें आणि शहरी मंडळींना बाहेर बसून कॉफी पिण्याची गोडी लागली. कॉफी आली, पात्र आलें. पण त्या पात्राची निगा कशी राखावी हें ज्ञान मात्र पिढीजात नसल्यामुळें मागें राहिलें.

कॉफीच्या बियांत शेंकडा सुमारें दहा ते पंधरा भाग तेल असतें. अर्क उतरतांना या तेलाचा सूक्ष्म अंश त्याच्याबरोबर येतो आणि भांड्याच्या अंगाला, सांध्यांना व छिद्रांच्या कडांना धरून बसतो. प्रथम तो डोळ्यांना दिसत नाहीं. दिसूं लागतो तेव्हां तपकिरी, चिकट पुटाच्या रूपानें. तेल हवेंतील प्राणवायूच्या संयोगानें खवट होतें, हें ज्या गृहिणीनें शेंगदाण्याच्या तेलाच्या जुन्या बुधलीचें बूच काढलें आहे तिला सांगावयास नको. ताजा, कढत अर्क या पुटावरून गेला कीं तो त्या खवटपणास आपल्याबरोबर घेऊन पेल्यांत उतरतो. पूड कितीहि उंची असो, तिचा येथें इलाज चालत नाहीं.

हें तेल नुसत्या पाण्यानें जात नाहीं. कढत पाणी व साबण हवाच. पुष्कळ घरांत मात्र उलट समज आहे : फिल्टर साबणानें धुतला तर त्याचा 'मुरलेपणा' जातो म्हणे. हा न्याय बिडाच्या तव्यावरून उसना घेतलेला आहे. तव्यावरचें तेल प्रखर आंचेनें भाजून त्याचा कठीण थर बनतो आणि तो खरोखरच उपयोगी असतो. फिल्टराला तेवढी आंच कधींच लागत नाहीं. त्यांतलें तेल ओलें राहतें व कुजतें. तव्याचा न्याय तव्याजवळच ठेवावा.

रोजचें काम थोडेंच आहे. खालचें भांडें, वरचें सच्छिद्र भांडें, पूड दाबण्याची दांडीची चकती आणि झाकण असे फिल्टराचे चार भाग. अर्क उतरला कीं चोथा तसाच ठेवूं नये. पावसाळ्यांत एका रात्रींत त्याला वास येतो व दोन दिवसांत बुरशी धरते. चोथा मोरींत टाकल्यास नळी तुंबते, म्हणून तो झाडांच्या मातींत मिसळावा. मग चारी भाग सुटे करून साबणाच्या कढत पाण्यानें धुवावे, कोरडे पुसावे, आणि (बहुतेकांकडून येथेंच चूक होते) ते एकमेकांत घट्ट बसवून ठेवूं नयेत. झाकण लावलेल्या ओल्या भांड्यांत कोंदट वास हा ठरलेलाच.

छिद्रांची परीक्षा आठवड्यास एकदां करावी. वरचें भांडें उजेडाकडे धरून पाहावें. जेथें प्रकाशाचा ठिपका दिसत नाहीं, तें छिद्र बुजलेलें. दुसरी परीक्षा याहून सोपी : पूड न घालतां नुसतें पाणी ओतावें. तें झरझर खालीं गेलें पाहिजे. थेंब थेंब पडूं लागलें तर अर्क उतरावयास जो दीडदीड तास लागतो त्याचें कारण समजलें. पूड फार बारीक दळलेली असली किंवा तींत चिकोरी पुष्कळ असली तर छिद्रें लवकर बुजतात, कारण चिकोरीचा अर्क चिकट असतो. चिकोरीचें प्रमाण डब्यावर छापलेलें असतें. अशा मिश्रणांत कॉफी निदान शेंकडा ५१ भाग असावी, असें कायद्याचें बंधन आहे.

बुजलेलीं छिद्रें मोकळीं करण्याची एक युक्ति दक्षिणेंतील घरांत सर्वांस ठाऊक आहे. वरचें भांडें चिमट्यांत धरून त्याचा तळ जाळावर धरावयाचा. अडकलेली पूड जळून राख होते, मग तें थंड झाल्यावर आपटून घासलें कीं छिद्रें साफ होतात. स्टेनलेस स्टीलच्या भांड्याला ही युक्ति चालते. फार तर त्यावर निळसर डाग पडतो. पण हीच युक्ति कल्हई केलेल्या पितळेच्या फिल्टरावर केली तर त्या भांड्याचा नाश होतो. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतें. गॅसचा जाळ याच्या कितीतरी पलीकडचा. क्षणांत कथील गोळा होऊन ओघळतें आणि खालचें पितळ उघडें पडतें. वडिलोपार्जित फिल्टर अशा रीतीनें कामांतून गेलेले आहेत, आणि त्याचा पत्ता घरांतील कोणालाहि लागलेला नसतो, कारण भांडें बाहेरून पूर्वींसारखेंच लखलखतें. पितळेच्या फिल्टराचीं छिद्रें कढत साबणाच्या पाण्यांत तासभर भिजवून मऊ कुंचल्यानेंच मोकळीं करावीं.

उघड्या पितळेंत ताक कळकतें हें आपल्याकडे लहान मुलांसहि माहीत असतें. कॉफी ताकाइतकी आंबट नसली तरी आम्लधर्मीच आहे, आणि फिल्टरांत ती तासन् तास पडून राहते. तांब्याचा अंश तींत उतरतो, चव धातूसारखी लागते आणि सांध्यांत हिरवट कळंक दिसूं लागतो. असा कळंक आंतील बाजूस दिसला कीं तो फिल्टर त्या दिवसापासून बंद ठेवावा. मुलांच्या दुधांत ती कॉफी घालण्याचें तर नांवच काढूं नये. चिंच व मीठ लावून बाहेरचें पितळ खुशाल उजळावें. परंतु आंतल्या कल्हईवर चिंचेचा किंवा काथ्याचा हात फिरवूं नये, कारण तो थर मुळांतच कागदासारखा.

कल्हईवाला पूर्वीं दारावर हाळी देत येई. भांडें भट्टीवर तापवून त्यावर नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, आणि कापसाच्या बोळ्यानें कथील फिरतांच काळवंडलेलें भांडें रुप्यासारखें होई. भोंवतीं जमलेलीं मुलें आज आजोबा झालीं आहेत, आणि कल्हईवाला शोधावा लागतो. तो सांपडला तरी एका गोष्टीविषयीं जागरूक असावें. कथील महाग, शिसें स्वस्त. दोन्हींचें मिश्रणहि लवकर वितळतें व दिसावयास तितकेंच चकचकीत असतें. शिसें हें विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत अधिक होतो. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण शुद्ध कथील आपल्यासमोर लावून घ्यावें. त्याची खात्री नसेल, तर वाडवडिलांचा फिल्टर शोभेला ठेवून रोजच्या वापरास स्टीलचा घ्यावा; त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

अलीकडे शहरांतील घरांत इटालियन धर्तीचें एक अष्टकोनी पात्र दिसूं लागलें आहे. आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यानें तें १९३३ सालीं प्रथम बाजारांत आणलें. खालच्या भांड्यांत पाणी, मध्यें पूड, आणि वाफेच्या दाबानें वर चढणारा अर्क, अशी त्याची योजना आहे. मूळ पात्र अल्युमिनियमचें असतें, आणि अल्युमिनियमला धुण्याचा सोडा वैऱ्यासारखा. सोड्यानें तें काळें पडतें व त्यावर खड्डे पडतात. तें सौम्य साबणाच्या बोटभर पाण्यानें धुवावें, खळखळून विसळावें, आणि पूर्ण वाळल्याशिवाय त्याचे आटे आवळूं नयेत.

या पात्राच्या बाबतींत चवीहून मोठी गोष्ट जिवाची आहे. खालच्या भांड्याच्या कुशीला एक लहानशी झडप असते. पुडीची जाळी बुजली, किंवा पूड दाबून भरली, आणि वाफेला वर जाण्यास वाट उरली नाहीं, तर ती वाफ या झडपेंतून सुटते. प्रेशर कुकराच्या बाबतींत आपण ही काळजी घ्यावयास शिकलों. येथें मात्र झडप म्हणजे नुसती शोभेची घुंडी आहे असें समजून वर्षानुवर्षें तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. जड पाण्याचा क्षार तिच्यांत बसला कीं ती गच्च होते, आणि मग शेगडीवर कॉफीचें पात्र नसून कोंडलेली वाफ असते. पाणी नेहमीं झडपेच्या खालींच भरावें, पूड सैल ठेवावी, मधल्या रबराच्या कड्याला चीर पडतांच तें बदलावें. झडपेची मधली पिन बाहेर दिसत असल्यास ती बोटानें हलवून पाहावी. हलत नसेल आणि स्वच्छ करूनहि मोकळी होत नसेल, तर तें पात्र शेगडीवर चढवूं नये.

क्षाराचा विषय निघाला म्हणून पाण्याबद्दल. दिघाशीच्या तालुक्यांतच वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथें उन्हाळीं आहेत. जमिनीच्या पोटांतून येणारें पाणी आपल्याबरोबर काय काय विरघळवून आणतें हें त्यांच्या वासावरूनच कळतें. विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी इतकें तीव्र नसलें तरी त्यांतहि चुन्याचे क्षार असतात. साबणाला फेस न येणें ही त्याची घरगुती खूण. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांतील हा कठीणपणा लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असें पाणी तापलें कीं त्यांतील विद्राव्य क्षाराचें विघटन होऊन चुनखडी वेगळी होते व तापणाऱ्या भागावर पांढरा खडबडीत थर बसतो. विजेवर चालणाऱ्या कॉफीच्या यंत्रांत हा थर आंतल्या नळींत बसतो. यंत्र पूर्वींपेक्षां जास्त गुरगुरूं लागलें, पाणी थांबून थांबून येऊं लागलें, कीं दुरुस्तीच्या दुकानाचा रस्ता धरण्यापूर्वीं लिंबूसत्त्व आणावें. वाण्याकडे मिळणारी ही पांढरी पूड मोठे दोन चमचे, एक लिटर पाण्यांत विरघळवावी. कॉफी न घालतां यंत्र सुरू करावें. निम्में पाणी उतरलें कीं अर्धा तास बंद ठेवावें, मग उरलेलें उतरूं द्यावें. त्यानंतर दोन वेळां स्वच्छ पाणी फिरवावें. शिरक्यानेंहि क्षार जातो, पण त्याचा वास दोनतीन दिवस यजमानांना सोडत नाहीं. जड पाण्याच्या गांवीं हें काम दोन महिन्यांनीं एकदां करावें. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत निराळी सूचना असेल तर तीच मानावी. बाहेरून पुसतांना विजेची जोडणी काढलेली असावी आणि यंत्र पाण्यांत कधींच बुडवूं नये, हेंहि सांगणें भाग आहे. ब्लीचिंग पावडर व कोणतेंहि आम्ल एकत्र करूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो.

दिघाशीच्या त्या घरीं पाहुणे गेल्यावर सूनबाईनें फडताळ आवरतांना फिल्टराचें झाकण उघडलें आणि नाकाशीं नेलें. मग ती सासूबाईंकडे गेली. "आई, जरा हा वास घ्या." सासूबाईंनीं वास घेतला, चष्मा लावून आंतलें तपकिरी कडें पाहिलें, आणि त्याच्या खालीं दोन ठिकाणीं कथील उडून पिवळें पितळ दिसत होतें तेंहि पाहिलें. "हा माझ्या हातीं आला तेव्हांपासून कल्हईला गेलेला नाहीं," त्या म्हणाल्या. फिल्टर कागदांत गुंडाळला गेला. कल्हईवाल्याचा पत्ता मिळेपर्यंत त्या घरीं कॉफी पातेल्यांतच होत राहिली, जायफळ घालून.