मेंदूतला पत्ता



सकाळी चहाचा कप हातातून निसटतो, तोंड वाकडं होतं, शब्द फुटत नाही. 'लकवा मारला' म्हणत घरचे माणसाला दवाखान्यात नेतात. तिथे डॉक्टर आधी सांगतात, "डोळे मिटा, दोन्ही हात समोर धरा, तळवे वर." काही सेकंदांतच उजवा हात हळूहळू खाली येतो, तळवा आत वळतो. उजवा हात दुबळा आणि वाचाही गेलेली, म्हणजे दुखणं बहुधा मेंदूच्या डाव्या भागात. स्कॅनच्या आधीच पत्ता लागतो.

वाचेचा पत्ता डावीकडे, हे कसं कळलं? पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा रुग्ण २१ वर्षं होता. दुसऱ्यांचं बोलणं त्याला कळे. त्याच्या तोंडून मात्र 'तान, तान' एवढंच निघे. एप्रिल १८६१मध्ये तो वारला, तेव्हा शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला होता. वाचेचं ते ठिकाण आजही ब्रोकांच्या नावानं ओळखलं जातं. पण ते सापडलं रुग्ण गेल्यावर.

जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याची वाट गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. आडवे ८० आणि उभे ८० ठिपके, इतकं भरड चित्र. तरी त्यात मेंदूतली गाठ ओळखू आली. १९७९मध्ये हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं.

मग आजही हात वर करायला का लावतात?

सीटीमध्ये ताजा रक्तस्राव पांढरा उठून दिसतो. रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली असेल, तर मात्र पहिल्या काही तासांत स्कॅन जवळपास नॉर्मल दिसू शकतो. 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणून घरच्यांना हायसं वाटतं, पण खाली येणारा हात वेगळंच सांगत असतो. रक्तस्राव नाही हे पटलं, की योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारं औषध देता येतं. पण साधारणपणे साडेचार तासांच्या आत.

हे तास कुठून मोजायचे, ते स्कॅनवर लिहिलेलं नसतं. म्हणून डॉक्टर विचारतात, "यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?" पत्नी आठवून सांगते, "सात वाजता मी दूध घेऊन आले, तेव्हा हे नीट बोलत होते." डॉक्टर कागदावर सात लिहितात आणि घड्याळाकडे पाहतात.