आपल्या इमारतीचा बिटकॉइन पूल?

(संस्थेच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



बी विंगमधल्या मुलांची सूचना तुमच्या कानावर आलीच असेल. दहा घरांतले कॉम्प्युटर केबलने जोडायचे, आपला खाजगी पूल काढायचा आणि मिळालेल्या बिटकॉइनमधून लिफ्टचा खर्च भागवायचा. जोडणी अवघड नाही. एका कॉम्प्युटरवर बिटकॉइनची सगळी खातेवही आणि पूलचं सॉफ्टवेअर ठेवायचं. तो बाकीच्यांना आकडेमोड वाटून देतो. ज्याने जेवढं काम केल्याचा पुरावा दिला, तेवढा त्याचा वाटा. त्या पुराव्याला ‘शेअर’ म्हणतात. आपल्या शेअर सर्टिफिकेटशी त्याचा संबंध नाही, घाबरू नका!

पण पूल निघाले कशासाठी? साधारण दर दहा मिनिटांनी साऱ्या जगात मिळून एकच बक्षीस लागतं. एकट्याने वर्षानुवर्षं वाट पाहण्यापेक्षा वर्गणी काढून पुष्कळ तिकिटं घ्यायची आणि लागलेलं बक्षीस वाटून घ्यायचं. २०१० साली चेक प्रजासत्ताकातल्या मारेक पालाटिनुस यांनी पहिला पूल काढला तो याच हिशेबाने. तेव्हा घरचा कॉम्प्युटर चालून जायचा, बक्षीसही ५० बिटकॉइनचं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आलंय. आणि समोर खास याच कामाची यंत्रं आहेत, एकेक सेकंदाला १०० लाख कोटींहून जास्त प्रयत्न करणारी. आपले दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडले म्हणून आपली तिकिटं वाढत नाहीत.

आता वीज. एक कॉम्प्युटर ३०० वॉटचा धरला तर दिवसाला ७.२ युनिट, दहांचे महिन्याला २,१६० युनिट. ही वीज जिन्याच्या मीटरवरून घ्यावी असं कुणीतरी सुचवलं, म्हणून मी आज बोलायला उभा राहिलो. ते बिल पेन्शनवर जगणारेही भरतात. शिवाय २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि त्यातून विजेचा खर्च वजा करता येत नाही.

तरी मुलांना सरसकट नाही म्हणू नका. बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरमध्येच ‘रेगटेस्ट’ नावाची सरावाची सोय आहे. साध्या लॅपटॉपवर क्षणात ब्लॉक निघतात. नाण्यांची किंमत शून्य, पण जोडणी, हिशेब, वाटे सगळं शिकता येतं. दोन चाव्यांशिवाय न उघडणारं पाकीटही करून बघा. आपला चेक दोन सह्यांशिवाय वटत नाही, तसंच ते.

कमिटीने रविवारी दोन तास ऑफिसची खोली द्यावी, एवढीच विनंती. लॅपटॉप मुलांचे, राऊटर माझा.