कॅमेऱ्यामागे आपली लेक का नको?



१९१३ साली दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळाली नाही, तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. पडदा स्त्रीला खुला झाला. परंतु कॅमेरा, ध्वनी, दिग्दर्शन आजही बहुतांशी पुरुषांच्याच हाती आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम एकच ‘कोयता’ म्हणतो. बाई मोळ्या बांधते, वाहते. हिशेबात मात्र तिचे नाव नसते. तिची कथा तिच्या लेकीने का सांगू नये?

पुण्यात १९६० पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तेथे शिकलेल्या पायल कपाडिया यांनी २०२४ साली कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ पुरस्कार मिळवला. आपण मात्र मुलीला नर्सिंगला पाठवतो. कॅमेरा म्हटले की ‘लोक काय म्हणतील’ हे आडवे येते.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. त्याच मापाने आपण स्वतःला मोजू या.

जय भीम! नमो बुद्धाय!