आप्त कोणास म्हणावे?

मराठी भाषेत नात्यांच्या शब्दांची संपत्ती मोठी आहे. आत्या, मावशी, काकू व मामी ह्या चौघींसाठी इंग्रजीला एकच शब्द पुरतो. आपल्याकडे मात्र प्रत्येकीचे घरातील स्थान निराळे, मान निराळा आणि रुसण्याचे निमित्तही निराळे. जाऊ, नणंद, दीर, मेहुणा, साडू, विहीण अशी ही यादी लांबतच जाते, आणि ह्या सर्वांस मिळून आपण ‘आप्त’ म्हणतो. आप्त ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘प्राप्त झालेला, पोचलेला’ असा आहे. ज्याच्या शब्दावर विसंबावे त्यासही आप्त म्हणतात. अडचणीच्या वेळी जो येऊन पोचतो आणि ज्याच्या भरवशावर स्वस्थ झोपता येते तो आप्त, असा ह्या दोन्ही अर्थांचा मेळ व्यवहारात बसतो.

पण मनुष्याचे मूत्रपिंड निकामी होते, आणि कोणी आपले एक मूत्रपिंड देईल तरच तो धडधाकट होईल असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ‘आप्त कोण?’ हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. त्याचे उत्तर कायद्यास द्यावे लागते. गरिबाचे मूत्रपिंड पैशाने विकत घेण्याचा व्यापार ह्या देशात बोकाळला होता. त्यास आळा घालण्यासाठी आणि अवयवदानास रीतसर मार्ग करून देण्यासाठी संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेश ह्यांत प्रथम अमलात आला, आणि पुढे इतर राज्यांनी तो स्वीकारला. जिवंतपणी अवयव देऊ शकणाऱ्या जवळच्या नातेवाइकांची यादी ह्या कायद्यात आहे. पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ आणि बहीण एवढीच ती मूळ यादी. २०११ च्या दुरुस्तीने तीत आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली. वर्षानुवर्षे सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून ह्या यादीत नाही. सख्ख्या भावासारखा वाढलेला मावसभाऊही नाही. त्यांनी देऊच नये असे कायदा म्हणत नाही. परंतु आपले देणे निव्वळ प्रेमापोटी आहे, त्यात पैशाचा व्यवहार नाही, हे त्यांस प्राधिकृत समितीपुढे पटवून द्यावे लागते. कायद्याची ही कडक नजर अनाठायी नाही. अवयवांच्या खरेदी-विक्रीस पाच ते दहा वर्षे कारावास आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड अशी शिक्षा आज आहे, ती अनुभवानेच ठरलेली आहे.

कायद्याने आप्त ठरविले तरी शरीराचा निकाल वेगळाच लागू शकतो. रक्तगट जुळत नाही, किंवा एकाच्या रक्तातील प्रतिद्रव्ये दुसऱ्याच्या पेशींशी वैर धरतात. सात फेरे घेऊन जडलेल्या नात्याची ओळख रक्ताला नसते. छत्तीसगडमधील बिलासपूरच्या दोन कुटुंबांवर नेमका हाच प्रसंग आला. दोन्ही घरांतील कर्ते पुरुष, वयाने चाळिशीच्या आसपासचे, सुमारे तीन वर्षे डायलिसिसवर होते. दोघांच्याही पत्नी मूत्रपिंड देण्यास सिद्ध होत्या, आणि दोन्ही जोडप्यांत रक्तगटाने मोडता घातला. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे एम्समधील, डॉक्टरांनी तेव्हा अदलाबदलीचा मार्ग काढला. १५ मार्च २०२५ रोजी एकीचे मूत्रपिंड दुसरीच्या पतीस व दुसरीचे पहिलीच्या पतीस देण्यात आले. नव्याने स्थापन झालेल्या एम्स संस्थांत आणि छत्तीसगडच्या सरकारी रुग्णालयांत असे अदलाबदलीचे प्रत्यारोपण त्यापूर्वी झालेले नव्हते.

ह्या व्यवहाराचे मर्म थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. समजा, एका पतीचा रक्तगट ए व पत्नीचा बी आहे, आणि दुसऱ्या घरी नेमके ह्याच्या उलट आहे. दोन्ही स्त्रिया आपापल्या घरात असमर्थ, पण एकमेकींच्या घरात समर्थ! २०११ च्या दुरुस्तीने अशा देवघेवीस मान्यता दिली. मात्र दोन्ही बाजूंचे दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईकच असले पाहिजेत आणि समितीची संमती असली पाहिजे. शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात, त्याचे कारण उघड आहे. एका घराचे काम आधी आटोपले आणि दुसऱ्याच्या वेळी कोणाचा धीर खचला, कोणी आजारी पडले, तर एक स्त्री आपला अवयव देऊन बसेल आणि तिचा पती मात्र रिकामाच राहील. म्हणून चार माणसे एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या मेजावर जातात. पतीसाठी जे द्यावयाचे ते परक्याला द्यावयाचे, आणि पतीला जे मिळावयाचे ते परकीकडून मिळावयाचे. कालपर्यंत ज्यांची ओळख नव्हती ती दोन घरे अशा रीतीने एकमेकांच्या भरवशावर उभी राहतात. आप्त शब्दाचे दोन्ही अर्थ येथे तंतोतंत लागू पडतात. अशी घरे शोधण्याचे क्षेत्र जितके विस्तृत, तितकी जोडी जमण्याची आशा अधिक. म्हणून एका रुग्णालयापुरती न राहता देशभर ही अदलाबदल व्हावी, असा प्रयत्न राष्ट्रीय पातळीवर सुरू झाला आहे.

तथापि ह्या घटनेतील एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. दोन्ही रुग्ण पती होते आणि दोन्ही दात्या पत्नी होत्या. हा योगायोग नव्हे. २०२३ साली देशात जिवंतपणी अवयव देणारे १५,४३५ जण होते, त्यांतील ९,७८४ स्त्रिया होत्या. अवयव मिळणाऱ्यांत मात्र पुरुषांचेच प्रमाण मोठे असते. स्त्रीच्या त्यागाचे गोडवे गाऊन हा आकडा बाजूस सारणे सोपे आहे. परंतु ‘घरच्या कमावत्या माणसाला धोका नको’ असे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरात ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे असत नाही. आईने दिले तर ते स्वाभाविक, मुलाने दिले तर ते थोर, हा फरकही आपण नकळत करीत असतो. दाता स्त्री असेल तर तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती ह्यांची खातरजमा रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून करून घ्यावी, असे २०१४ च्या नियमांत मुद्दाम नमूद केले आहे, ते ह्याचसाठी. केंद्र सरकारने आपल्या सेवेतील अवयवदात्यांस २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा देऊ केली आहे. नोकरीतील पुरुषाची एक सबब त्यामुळे कमी व्हावी, अशी आशा करता येईल.

जिवंत आप्तांवरील हा भार हलका करावयाचा तर दुसरा मार्ग एकच आहे, तो म्हणजे मृत्यूनंतरचे दान. छत्तीसगडला त्याची निकड इतरांपेक्षा कमी नाही. पूर्वीच्या रायपूर जिल्ह्यातून २०१२ साली वेगळ्या झालेल्या गरियाबंद जिल्ह्यात, देवभोगच्या बाजूस, सुपेबेडा नावाचे एक लहान गाव आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने तेथे एकामागून एक माणसे गेली, आणि गावाचे नाव त्या दुःखामुळेच देशभर पोचले. विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यापासून अनेक दिशांनी कारणांचा शोध घेतला गेला. तेथील रुग्णास मोठ्या उपचारासाठी रायपूर गाठावे लागते, आणि ते अंतर सुमारे दोनशे किलोमीटरचे आहे. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा सुमारे चार-चार तास यंत्राशी बांधून घेणे. शेतमजुरीवर जगणाऱ्या घराला ह्याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. ज्या घरात एकाहून अधिक माणसे ह्याच रोगाने ग्रासली असतील, त्या घरात कायद्याच्या यादीतील आप्त असूनही दाता मात्र उरत नाही. अशांनी वाट पाहावी ती कोणा अनोळखी माणसाच्या घराची.

त्या अनोळखी घरावर येणारा प्रसंग मात्र फार कठीण असतो. अपघातात डोक्यास मार लागलेला, किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला मनुष्य कृत्रिम श्वसनयंत्रावर असतो. छाती वरखाली होत असते, हात उबदार असतो, पडद्यावर नाडीची रेषा चालत असते. आणि डॉक्टर सांगतात की, मेंदूचा स्तंभ कायमचा थांबला आहे, मनुष्य गेला आहे. आपल्या परंपरेत मृत्यू म्हणजे श्वास थांबणे, म्हणून डोळ्यांस दिसते ते व कानांवर पडते ते ह्यांचा मेळ बसत नाही. भारतीय वैद्यकासही हा मेळ घालण्यास वेळ लागला. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले, तेव्हा मेंदूमृत्यूची व्याख्या आपल्या कायद्यात नव्हती. त्यांचा रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता १९९४ च्या कायद्याने दिली, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदय-प्रत्यारोपण यशस्वी झाले. ३ ऑगस्ट हा दिवस आता राष्ट्रीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. योगायोग असा की, त्याच केईएममध्ये पश्चिम विभागाचे अवयव-प्रत्यारोपण केंद्र आज आहे, आणि महाराष्ट्राबरोबर छत्तीसगडही त्याच्याच कक्षेत येते. रायपुरात २०२२ साली एका कुटुंबाने मेंदूमृत्यूनंतर अवयवदानास संमती दिली, तेव्हा ह्या राज्यात त्या वाटेवरचे पहिले पाऊल पडले. त्यानंतर एम्समध्येही अशा दानातून मिळालेल्या मूत्रपिंडांचे प्रत्यारोपण होऊ लागले.

अशा वेळी नातेवाइकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. अवयवांसाठी उपचार लवकर थांबविले तर? म्हणूनच मेंदूमृत्यूचा दाखला एकट्या डॉक्टराच्या हाती ठेवलेला नाही. तो चार डॉक्टरांच्या मंडळाने द्यावा लागतो. किमान सहा तासांच्या अंतराने सर्व चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांस त्या मंडळात स्थान नसते. देहाची विटंबना होईल काय? शस्त्रक्रियेनंतर टाके घालून देह सन्मानाने घरच्यांच्या स्वाधीन होतो, आणि अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे करता येतात. दान ज्यास मिळाले त्याचे नाव मात्र घरच्यांस सांगत नाहीत, आणि ह्यांचे नाव त्यास सांगत नाहीत. कृतज्ञतेचे ओझे व अपेक्षेचा लोभ, दोन्ही त्यामुळे टळतात.

अवयवदानाच्या प्रत्येक सभेत दधीची ऋषींचे स्मरण होते. वृत्रासुराच्या वधासाठी वज्र हवे होते, देवांनी अस्थी मागितल्या आणि ऋषींनी देह ठेवला. ही कथा मोठी खरी, परंतु तिच्यात आणि अतिदक्षता विभागाच्या दारातील प्रसंगात एक महत्त्वाचा फरक आहे. देवांनी दधीचींना प्रत्यक्ष विचारले होते. मेंदूमृत माणसास कोणी विचारू शकत नाही. प्रश्न येतो तो दाराबाहेर बाकावर बसलेल्या पत्नीस, पित्यास किंवा मुलीस. रडून रडून ज्यांचे भान हरपले आहे, त्यांना थोड्या तासांत दुसऱ्याच्या वतीने उत्तर द्यावयाचे असते. काढलेले हृदय सुमारे चार तासांत दुसऱ्या छातीत बसवावे लागते, म्हणून काळही थांबत नाही. ‘त्यांच्या मनात काय होते?’ हे ज्या घरास ठाऊक नसते, ते घर बहुधा ‘नको’ म्हणते. त्यात निष्ठुरपणा नसतो. गेलेल्या माणसाच्या देहाविषयी आपल्या हातून अन्याय होऊ नये, एवढीच त्यामागे धास्ती असते. २०२३ साली सबंध देशात मृत्यूनंतर अवयव देणारे १,०९९ होते. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा इतका लहान का, ह्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. घरात तो विषय कधी निघालेलाच नसतो.

आपल्या घरांत मृत्यूची बोलणी अशुभ मानतात. तरीही आजोबा ‘माझ्यामागे तेराव्याला अमुक करा’ म्हणून सांगतातच. आजी आपल्या पाटल्या कोणत्या नातीला द्यावयाच्या हे ठरवून ठेवते, आणि घर ते शब्द प्राणापलीकडे जपते. त्याच ओघात आणखी एक वाक्य बोलावयास हरकत नसावी. प्रतिज्ञापत्र भरून पेटीत ठेवण्यापेक्षा हे वाक्य जेवणाच्या पानावर बोलणे अधिक उपयोगाचे, कारण ऐन वेळी पेटी कोणी उघडत नाही. विचारले जाते ते माणसांना. ज्यांस सुरुवात सोपी हवी त्यांनी नेत्रदानापासून करावी. त्यास श्वसनयंत्र लागत नाही की मेंदूमृत्यूचा दाखला लागत नाही. घरी, म्हातारपणाने आलेल्या मृत्यूनंतरही सहा तासांच्या आत डोळ्यांचे पारदर्शक पडदे घेता येतात. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी बहुधा अडत नाही, आणि एका माणसाच्या दानातून दोघांस दृष्टी मिळू शकते.

कायद्याची आप्तांची यादी आखीव आहे आणि ती तशीच असावयास हवी, कारण तिच्याबाहेर बाजार टपून बसलेला असतो. पण मृत्यूनंतर द्यावयाच्या दानास यादी नाही. तेथे रक्तगट जुळतो तो आप्त, प्रतीक्षेच्या क्रमात ज्याचा अनुक्रम येतो तो आप्त. त्याची जात, भाषा व गाव कोणी विचारीत नाही. बिलासपूरच्या त्या दोन स्त्रियांनी आपापल्या पतीसाठी परक्या घराची वाट धरली आणि ती वाट फिरून आपल्याच दारी आली. मृत्यूनंतरच्या दानाची वाट अशी आपल्या दारी परत येईलच असे नाही. ती सुपेबेड्यासारख्या एखाद्या गावी, कधी न पाहिलेल्या अंगणात जाऊन थांबेल. तेथे कोणी तरी पुन्हा शेतावर जाऊ लागेल. त्या घराला दात्याचे नाव ठाऊक नसेल, पण वेळेवर येऊन कोण पोचले, हे त्या घराइतके दुसऱ्या कोणास कळणार?