दुपारी बंद पडणारा कम्प्युटर



उन्हाळा लागला की मला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "भाऊ, कम्प्युटर आपल्या मनानं बंद होऊन राहिला." थंडीत हा फोन क्वचित येतो. एप्रिलपासून रोज. तर आज बोलू जुन्या डेस्कटॉपबद्दल, जो चालता चालता अचानक बंद पडतो. आणि आधीच कबूल करतो, ज्या कम्प्युटरची गोष्ट सांगणार आहे, तो मी पहिल्या खेपेला चुकीचा दुरुस्त केला होता. पैसेही घेतले होते.

आमच्या पारशिवनीत एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं ऑनलाइन फॉर्मही भरून मिळतात. दुकानाच्या काकाजींकडे एकच डेस्कटॉप. सॉकेट 775 चा बोर्ड, 2 जीबी रॅम, दहा-बारा वर्षं जुना. मे महिन्यात त्यांचा फोन आला. त्याआधी कोणीतरी 'व्हायरस आहे' म्हणून दोनदा फॉरमॅट मारून गेला होता. मी गेलो, डबा उघडला, वरून ब्लोअर मारला, एसएमपीएस जुना दिसला म्हणून नवा बसवला. कम्प्युटर सुरू झाला, अर्धा तास चालला, मी 850 रुपये घेतले नि घरी आलो.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी काकाजींचा आवाज वेगळा होता. कोलितमाऱ्याकडच्या एका गावातली मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरायला आली होती, शेवटची तारीख. पूर्ण फॉर्म भरून झाला, फोटो-सही अपलोड झाली, ओटीपी टाकला, खात्यातून फी कटली आणि पावती यायच्या आत कम्प्युटर बंद. पुन्हा सुरू केला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. पोरगी रडकुंडीला आलेली, बाप बाहेर मोटरसायकलला टेकून उभा. मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो, फोनच्या हॉटस्पॉटवर सगळा फॉर्म नव्यानं भरला, फी पुन्हा भरली. आधीची फी आठवड्यानं परत आली. पण त्या दिवशी ती दुसऱ्यांदा भरायला बापाजवळ पैसे नव्हते, ते काकाजींनी घातले. मी तिथंच ठरवलं, आता पाना-पेचकस हातात घ्यायचा नाही, आधी बसून पाहायचं.

तर मी वही घेऊन दुकानात बसलो. तुम्हालाही हेच सांगतो, काही विकत आणायच्या आधी दोन दिवस वहीत लिहा. किती वाजता बंद झाला, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी झाला, त्या वेळी काय चाललं होतं, आणि मॉनिटरचा दिवा लागलेला होता का.

मॉनिटरचा दिवा का? सांगतो. बहुतेक ठिकाणी मॉनिटर आणि सीपीयूचा डबा दोघंही एकाच यूपीएसवर असतात. दोघंही एकदम विझले, तर दोष बाहेर शोधा. यूपीएस, बोर्डाची वायर, ढिला प्लग. पण मॉनिटरचा दिवा तसाच लागलेला, पडद्यावर 'नो सिग्नल', आणि फक्त डबा गपगार, तर बाहेरून वीज येते आहे, दोष बहुतेक डब्यात आहे. एवढ्या एका गोष्टीनं अर्धं काम होतं आणि त्याला एक रुपया लागत नाही.

काकाजींच्या दुकानात काय दिसलं? सकाळी दहाला सुरू केलेला कम्प्युटर दुपारी एक चाळीसला बंद झाला. लगेच सुरू केला, बारा मिनिटं चालला. पुन्हा सुरू केला, पाच मिनिटं. मग मुद्दाम पाऊण तास बंद ठेवला, तर चाळीस मिनिटं चालला. तिन्ही वेळा मॉनिटरचा दिवा सुरूच.

हा हिशोब लक्षात घ्या. लगेच सुरू केल्यावर चालायची वेळ कमी कमी होत जाते आणि विश्रांती दिली की वाढते, तर ती उष्णता असते. तापलेला तवा पुन्हा तापायला वेळ लागत नाही, तसं. रॅमचा, ढिल्या वायरचा किंवा फुगलेल्या कपॅसिटरचा दोष असा शिस्तीत वागत नाही, तो केव्हाही येतो.

आता प्रोसेसर तापला तर कम्प्युटर बंद का होतो? तो बिघडतो म्हणून नाही, स्वतःला वाचवतो म्हणून. 2000 साली आलेल्या पेंटियम 4 मध्ये ही सोय होती. आधी प्रोसेसर आपला वेग कमी करतो, तरी तापमान चढत राहिलं तर थेट वीज तोडायला सांगतो. 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं चालत्या कम्प्युटरवरचा हीटसिंक काढून दाखवला होता. पेंटियम 4 नुसता मंदावला, त्या काळचा एएमडीचा अ‍ॅथलॉन धूर सोडून जळाला. त्यानंतर असं संरक्षण सगळीकडेच आलं. त्यामुळे दुपारी बंद पडणारा कम्प्युटर पाहिला की मी त्याला शिव्या देत नाही. तो जळालेला नाही, हे नशीब.

थंडीत नीट चालतो आणि उन्हाळ्यातच का पडतो, हेही बघा. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाहीत. समजा स्वच्छ हीटसिंकवर प्रोसेसर खोलीपेक्षा 30 अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरात खोली 20, तर प्रोसेसर 50. मे महिन्यात टिनाच्या दुकानात 45, तर 75. दोन्ही चालतं. आता हीटसिंकमध्ये धूळ बसली आणि फरक 55 चा झाला. डिसेंबरात 75, कोणाला कळतही नाही. मे महिन्यात 100. म्हणजे रोग डिसेंबरातही होताच, उन्हानं फक्त बाहेर काढला. पेंचचं धरण जवळ, जंगल जवळ, म्हणून आमच्याकडे ऊन कमी असेल असं पाहुण्यांना वाटतं. नागपूरला 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले होते, आम्ही काही फार मागं नसतो.

तापमान पाहायला बायोसमध्ये 'हार्डवेअर मॉनिटर' नावाचं पान असतं. विंडोजमध्ये कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर टाकता येतं. पण आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले, सगळीकडे बोभाटा झाला, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर चुकत होता. जुन्या बोर्डांवर एखाद्या रिकाम्या सेन्सरचे 127 अंश दिसतात, तसंच ते. प्रोसेसरच्या कोअरचा आकडा पाहा, आणि तो कामासोबत वर-खाली होतो का ते पाहा. काकाजींच्या कम्प्युटरवर तो 94 होता, कम्प्युटर नुसता बसलेला असताना.

मग उघडला. पंखा छान फिरत होता. वरून सगळं स्वच्छ, कारण वरून मीच ब्लोअर मारला होता. पण या वेळी पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला, आणि खाली बाप्पा! हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला, अक्षरशः उचलून हातात आला, घोंगडीच्या तुकड्यासारखा. पहिल्या खेपेला मी पंख्याच्या वरून हवा मारली, धूळ आणखी दाबून बसवली. ही माझी चूक.

इतकी घट्ट धूळ आली कुठून? कूलरमधून. आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं की कम्प्युटर कूलरच्या समोर ठेवला म्हणजे थंड राहील. काकाजींनी तर डब्याचं एका बाजूचं झाकण काढून कूलरचं तोंड तिकडे केलं होतं. कूलरची हवा थंड असते, पण ओली असते. कोरडी धूळ थोडीफार उडून जाते, ओली धूळ चिकटते आणि वाळून थर होतो. कूलर खोलीत असू द्या, खोली थंड होते ती कामाचीच. फक्त त्याचा झोत डब्यावर नको, आणि डब्याचं झाकण लावलेलं असू द्या, कारण झाकण असलं तरच हवा समोरून आत नि मागून बाहेर अशी जाते.

दुसरी गोष्ट. या जातीच्या हीटसिंकला चार कोपऱ्यांवर प्लास्टिकच्या पिना असतात, दाबून बसवायच्या. त्यातली एक सुटून वर आली होती. म्हणजे हीटसिंक एका बाजूनं प्रोसेसरला टेकतच नव्हता. मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली.

साफ करायची पद्धत सांगतो. आधी प्लग काढा, नुसतं बटन बंद नको. डबा अंगणात न्या, घरात नको, नाहीतर घरचे तुम्हालाच बाहेर ठेवतील. हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, हवेनं तो वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल नि सुती कापडानं पुसा, नवी पेस्ट मधोमध तुरीच्या डाळीएवढी. लोक पोळीला तूप लावल्यासारखी लावतात, तशी नको. पिना लावताना समोरासमोरच्या दोन आधी, मग उरलेल्या दोन, आणि बोर्डाच्या मागून पाहा की चारही आरपार आल्या का. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही वेळ भरलेले असतात, झटका जोराचा बसतो.

पेस्टच्या ट्यूबला दीडशे रुपये लागले. तापमान 94 वरून 61 वर आलं, त्याच खोलीत, त्याच दुपारी. काकाजींनी विचारलं, "मग भाऊ, तो एसएमपीएस काऊन बदलला?" काय सांगणार? जुना एसएमपीएस त्यांनी ठेवला होता. तो पुन्हा लावला, चालू कम्प्युटरवर मल्टिमीटर धरला. पिवळी वायर आणि काळी वायर, 12.1 व्होल्ट. 11.4 ते 12.6 पर्यंत चालतं. लाल 5 ची, तीही बरोबर. म्हणजे तो ठणठणीत होता. पहिल्या दिवशी दोन मिनिटं मल्टिमीटर लावला असता तर कळलं असतं. मी माझा नवा एसएमपीएस काढून घेतला आणि 850 रुपये परत दिले. ते घेत नव्हते, मी गल्ल्यावर ठेवून आलो.

गोष्ट इथं संपली असं मलाही वाटलं होतं. आठ दिवसांनी कम्प्युटर पुन्हा बंद! पण आता काकाजी तयार झाले होते. फोनवर म्हणाले, "या खेपेला मॉनिटरबी गेला भाऊ. अन् कूलर सुरू केला तेव्हाच." मला दुकानात जायच्या आधीच उत्तर मिळालं. कूलर आणि यूपीएस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. मोटर सुरू होताना क्षणभर जोरात वीज ओढते, व्होल्टेज पडतो, यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, आणि बॅटरी मेलेली. यूपीएस तपासायला काम सेव्ह करून भिंतीतला प्लग काढा. त्याच क्षणी सगळं विझलं तर बॅटरी बदला. आतली 12 व्होल्टची बॅटरी उन्हाळ्यात तीनेक वर्षांवर फारशी टिकत नाही. बॅटरी बदलली, कूलरला भिंतीतला वेगळा प्लग दिला.

म्हणजे एकाच कम्प्युटरला दोन रोग, आणि दोघांचं लक्षण एकच. मॉनिटरचा दिवा नसता तर मी पुन्हा हीटसिंक उघडत बसलो असतो.

बाकी कारणं भराभर सांगतो. विंडोजवर संशय असेल तर कम्प्युटर सुरू करून बायोसच्या पडद्यावर तासभर ठेवा. तिथंही बंद झाला तर विंडोजचा संबंध नाही, फॉरमॅटचे पैसे वाचवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल-पॉवर 41' दिसलं की लोक त्यालाच रोग समजतात. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, जे तुम्हाला माहीतच आहे. 1074 दिसलं तर मात्र कोणत्या तरी प्रोग्रामनं किंवा अपडेटनं रीतसर बंद करायला सांगितलं होतं. बायोसचा 3 व्होल्टचा सेल गेला तर घड्याळ मागं जातं, कम्प्युटर सहसा बंद होत नाही. तोही उगाच बदलला जातो.

कपॅसिटरवर मात्र थांबतो. बोर्डावर प्रोसेसरजवळ छोटे उभे डबे असतात, त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी काही गळलं असेल तर बंद पडायचं कारण तिथं असू शकतं. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर खराब कपॅसिटर बोर्डांवर गेले. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स 270 या मॉडेलचं नाव त्यात गाजलं, आणि 2005 मध्ये कंपनीला या दुरुस्त्यांसाठी सुमारे 30 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कपॅसिटर बदलता येतात, पण हात बसलेला माणूस पाहिजे. आमच्याकडून त्यासाठी नागपूरला बर्डीवर जावं लागतं, आणि जाण्या-येण्याचा खर्च धरला तर कधी कधी जुना बोर्डच बदललेला परवडतो.

जाता जाता, काकाजींनी ती वही बंद केलेली नाही. कम्प्युटरच्या बाजूला दोरीनं बांधून ठेवली आहे. या मे महिन्यात त्यांचा फोन आला, पण प्रिंटरसाठी. दर सातवा कागद अडकतो म्हणे, त्यांनी मोजून ठेवलं आहे. ते पुढच्या भागात बोलू.