प्रश्न विचारणारंच कुणी नसेल तर?

हेडफोन लावलेत ना? आज आपण बेलफास्टला जाणार आहोत, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये. विषय म्हटलं तर रुक्ष आहे: विधानसभेतले प्रश्न आणि सरकारची उत्तरं. पण गोष्ट बॉयलरची आहे, कोंबड्यांच्या शेडची आहे, आणि शेवटी एका सरकारच्या पडण्याची आहे. त्यामुळे थांबा थोडं.

आधी एक मिनिट पार्श्वभूमी. उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डमचा भाग आहे. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथे स्वतःची विधानसभा आणि स्वतःचं सरकार आलं. आरोग्य, शिक्षण, शेती, रस्ते असे विषय लंडनने त्यांच्याकडे सोपवले. संरक्षण, परराष्ट्र धोरण लंडनकडेच राहिलं. यालाच इंग्रजीत 'डिव्होल्युशन' म्हणतात. गंमत म्हणजे तिथल्या आमदारांनाही एमएलएच म्हणतात. आपल्यासारखाच प्रश्नोत्तराचा तास असतो, पूरक प्रश्न असतात, विषयवार समित्या असतात आणि आपल्या लोकलेखा समितीसारखी एक समितीसुद्धा असते.

पण एक मोठा फरक आहे. तिथे अनेक दशकं रक्त सांडलं होतं. त्यामुळे सत्ता एकाच गटाच्या हातात जाऊ नये म्हणून करारातच सोय केली, की मोठ्या पक्षांना त्यांच्या जागांच्या प्रमाणात मंत्रिपदं मिळणार. सगळे मिळून सरकार. हेतू चांगलाच होता. आता आकडे ऐका. २०११च्या निवडणुकीनंतर सभागृहात १०८ सदस्य होते आणि त्यातले १०५ सरकारमध्ये असलेल्या पाच पक्षांचे होते! उरले तीन. मग सांगा, मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारायचा कुणी? आपल्याच पक्षाचा मंत्री बाजूच्या खात्यात बसलेला असताना?

याच सभागृहाच्या मंजुरीने २०१२मध्ये एक योजना आली, रिन्यूएबल हीट इन्सेन्टिव्ह. लोक आरएचआय म्हणतात. कल्पना साधी होती. व्यवसायांनी तेल, गॅस सोडून लाकडाच्या पेलेट्सवर चालणारे बॉयलर बसवावेत आणि त्यातून जेवढी उष्णता तयार होईल त्याच्या हिशेबाने सरकारने २० वर्षं अनुदान द्यावं. पर्यावरणासाठी उत्तम.

घोळ हिशेबात होता. इंधनाला जेवढा खर्च यायचा त्याहून अनुदान जास्त होतं. त्या वेळी सगळीकडे छापून आलेलं गणित असं: एका पाउंडाचं इंधन जाळलं की सरकारकडून एक पाउंड साठ पेन्स मिळायचे. म्हणजे जाळा आणि कमवा! जितकं जास्त जाळाल तितकी जास्त कमाई. ब्रिटनमधल्या मूळ योजनेत ठरावीक तासांनंतर दर एकदम खाली यायचा, त्यामुळे उगाच जाळण्यात फायदा नव्हता. उत्तर आयर्लंडच्या योजनेत तो लगामच नव्हता.

आता इथे मी थांबते. हा लगाम का नाही, एवढा एकच प्रश्न २०१२मध्ये कुणी चिकाटीने लावून धरला असता तर? नियम सभागृहासमोर आले होते. समितीसमोर आले होते. मंजूर झाले. संबंधित खात्याच्या तेव्हाच्या मंत्री होत्या आर्लीन फॉस्टर, ज्या पुढे फर्स्ट मिनिस्टर म्हणजे तिथल्या मुख्यमंत्री झाल्या. नंतर चौकशीत त्यांनीच सांगितलं की ते नियम त्यांनी स्वतः वाचले नव्हते.

२०१३मध्ये एका उद्योजक महिलेने खात्याच्या अधिकाऱ्यांना भेटून सावध केलं होतं. ऊर्जा वाचवणारी उपकरणं विकणं हा तिचा धंदा. तिच्या लक्षात आलं, की लोकांना ऊर्जा वाचवण्यात रसच उरलेला नाही. कसा उरणार? वाचवली तर नुकसान! पण तिचं म्हणणं गांभीर्याने घेतलं गेलं नाही. सामान्य माणूस पत्र लिहू शकतो, भेटू शकतो, पण सरकारला उत्तर देणं भाग पाडू शकत नाही. ती ताकद फक्त निवडून आलेल्या माणसाकडे असते.

आणखी एक गोष्ट. हा पैसा लंडनच्या तिजोरीतून येतोय असा तिथे बराच काळ समज होता. फुकटचा पैसा वाटला की कुणी हिशेब विचारत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. प्रत्यक्षात ठरलेल्या मर्यादेच्या वरचा खर्च त्यांच्याच बजेटमधून जाणार होता. म्हणजे दवाखाने आणि शाळांच्या पैशातून.

२०१५मध्ये दर कमी होणार अशी कुणकुण लागली आणि अर्जांचा पूर आला. त्यात पोल्ट्रीवाले बरेच होते, कारण शेड गरम ठेवावीच लागते. फेब्रुवारी २०१६मध्ये योजना बंद झाली. तोवर २० वर्षांत मिळून ४९ कोटी पाउंडांपर्यंत जादा बोजा पडेल असा अंदाज पुढे आला. एक शेतकरी रिकामी शेड तापवून पैसे कमावतोय, अशी निनावी तक्रारही आली होती. लोकांनी या सगळ्याला नाव ठेवलं 'कॅश फॉर अ‍ॅश'. राखेचे पैसे!

मग मात्र प्रश्न सुरू झाले. २०१६च्या उन्हाळ्यात महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. लोकलेखा समितीने खात्याच्या अधिकाऱ्यांना एकेक करून समोर बसवलं. त्याच वर्षी दोन पक्ष सरकारबाहेर राहून अधिकृत विरोधी पक्ष झाले होते, करारानंतर पहिल्यांदाच! १९ डिसेंबर २०१६ला सभागृहाची खास बैठक झाली. फॉस्टर बोलायला उठल्या आणि त्यांच्या पक्षाव्यतिरिक्त जवळपास सगळे सभात्याग करून बाहेर गेले. नंतर त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावावर मतदान झालं. ३९ मतं बाजूने, ३६ विरोधात.

ठराव जिंकला ना? नाही, पडला! कारण अशा ठरावाला दोन्ही समाजगटांच्या प्रतिनिधींचा वेगवेगळा पाठिंबा लागतो. शांततेसाठी बनवलेला नियम उत्तर टाळायलाही कामी आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात अवघड गाठ हीच आहे, कारण तो नियम काढून टाका म्हणणंही सोपं नाही. त्याच्यामागे हजारो मृत्यूंचा इतिहास आहे.

९ जानेवारी २०१७ला उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. तिथे दोघांपैकी एक गेला की दुसऱ्याचंही पद जातं. सरकार पडलं, निवडणूक झाली, पण नवं सरकार बनेना. किती दिवस? तीन वर्षं!

आता खरा मुद्दा. या तीन वर्षांत पगार होत होते, बस धावत होत्या, कार्यालयं उघडी होती. वरवर बघता काही बिघडलं नव्हतं. खाती अधिकारी चालवत होते. पण मंत्री नाही, म्हणजे प्रश्न कुणाला विचारणार? सभागृह भरत नाही, म्हणजे कुठे विचारणार? एका कचरा जाळण्याच्या प्रकल्पाला अधिकाऱ्यांनी मंजुरी दिली, तर कोर्टाने ती रद्द केली. असा निर्णय मंत्र्यानेच घ्यायला हवा, हे त्यामागचं कारण. रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या सगळ्या युनायटेड किंग्डममध्ये सर्वात वाईट झाल्या. डिसेंबर २०१९मध्ये तिथल्या परिचारिका पगार आणि अपुऱ्या मनुष्यबळावरून संपावर गेल्या. त्यांच्या संघटनेच्या १०३ वर्षांच्या इतिहासातला तो पहिला संप. थंडीत रस्त्यावर उभ्या राहिलेल्या त्या बायकांचं म्हणणं ऐकून 'हो' किंवा 'नाही' म्हणेल असा आरोग्यमंत्रीच नव्हता. जानेवारी २०२०मध्ये सरकार परत आलं आणि त्याच महिन्यात तोडगा निघाला.

मार्च २०२०मध्ये न्यायमूर्ती कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल आला. ३१९ निष्कर्ष! त्यांचं म्हणणं असं, की मुळाशी भ्रष्टाचार किंवा दुष्ट हेतू नव्हता, साध्या साध्या कामात झालेली हयगय होती. मला तर हे जास्त धक्कादायक वाटतं. चोर असता तर पकडला असता. इथे कुणी विचारलं नाही, कुणी वाचलं नाही, आणि हो, कुणी लिहूनही ठेवलं नाही. चौकशीत तिथल्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याने मान्य केलं, की बैठकांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत सुटत गेली होती. माहिती अधिकारात काही बाहेर येऊ नये, हे त्यामागचं एक कारण. नोंद नाही, तर उद्या प्रश्न कशाच्या आधारावर विचारणार?

पुढे २०२२मध्ये वेगळ्या वादावरून सरकार पुन्हा पडलं आणि थेट फेब्रुवारी २०२४मध्ये परत आलं. म्हणजे सात वर्षांतली जवळपास पाच वर्षं अशीच गेली. आता पुन्हा सोमवार-मंगळवारी सभागृह भरतं, मंत्री उभे राहतात, विरोधी पक्ष प्रश्न विचारतो. बरीच उत्तरं गोलमोल असतात. मी त्यांची शब्दशः नोंद, म्हणजे हॅन्सर्ड, अधूनमधून वाचते आणि कधीकधी वैतागते. पण गोलमोल उत्तरही नोंदीत जातं. दोन वर्षांनी कुणीतरी ते काढून म्हणतं, 'तुम्हीच तर असं म्हणाला होतात.' परिचारिकांना रस्त्यावर तेवढंही मिळत नव्हतं.

आपल्याकडे अधिवेशनाची बातमी आली की आपण घोषणा आणि गोंधळाची रील बघतो आणि पुढे सरकतो. पुढच्या अधिवेशनात एक करून बघा. आपल्या आमदाराने कोणते तारांकित प्रश्न विचारले ते शोधा. आणि त्याला पूरक प्रश्न कुणी विचारला, तेही बघा. पहिलं उत्तर खात्याने लिहून दिलेलं असतं. मंत्र्याने फाइल वाचलीय की नाही, ते पूरक प्रश्नाला कळतं.

काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, विचारत राहा!